वॉर्डनसाहेबांची दारूतपासणी

“पाय जुळवा, हात समोर धरा आणि डोळे मिटा,” मी वॉर्डनसाहेबांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि ते थेट माझ्या कंपाउंडरच्या अंगावर कोसळले.

पटले नावाचा हा कंपाउंडर अंगाने दणकट होता म्हणून बरं. त्याने साहेबांना काखेत धरून पुन्हा उभं केलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “साहेब, हे तं गेले कामातून.”

ही बालाघाटची गोष्ट. मी सरकारी नोकरी धरली तेव्हा नागपूर आमची राजधानी होती. मग राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि मी इकडे मध्य प्रदेशात राहिलो. वाटणीला दहाएक वर्षं झाली होती. बालाघाटच्या दवाखान्यात मी असिस्टंट सर्जन होतो. सर्जन या शब्दावर जाऊ नका. अडलेली बाळंतपणं, साप चावलेले, नदीत बुडालेले आणि पोलिसांनी धरून आणलेले दारुडे, सगळे माझ्याच टेबलावर यायचे.

त्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास पोलीस नव्हे, कॉलेज आलं. पुढे प्रिन्सिपॉलसाहेब, मागे केमिस्ट्रीचे चौबे सर, त्यांच्या मागे होस्टेलचे वॉर्डन डोंगरे सर. मधोमध एक उंच, सडपातळ पोरगा. नाव खेमराज, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घराण्यातला कॉलेजात आलेला पहिलाच.

प्रिन्सिपॉलसाहेब जबलपूरकडचे. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. निनावी होती. ‘खोली नंबर सातमधला खेमराज रोज संध्याकाळी मोहाची पिऊन असतो. त्याच्याकडे लक्ष द्यावे.’ आमच्या भागात मोहाची दारू म्हणजे काही अप्रूप नाही. पण कॉलेज नवीन, होस्टेल त्याहून नवीन, आणि प्रिन्सिपॉलसाहेबांना दोन्हींची अब्रू सांभाळायची होती.

“डॉक्टरसाहब, बस इतना लिख दीजिए, पिया है या नहीं पिया है,” ते म्हणाले. “पिया है तो कल रस्टिकेट.”

रस्टिकेट म्हणजे नुसतं होस्टेलातून नव्हे, कॉलेजातूनच नाव कमी. मी पोराकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या पोस्टरकडे बघत होता.

दारूतपासणीचा एक छापील फॉर्म असतो. आधी तोंडाचा वास. मग डोळे लाल आहेत का, जीभ अडखळते का. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायचं. प्यायलेला माणूस डोलतो. मग डोळे मिटूनच स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावायचं. शेवटी फरशीवर खडूची रेघ ओढून तिच्यावरून चालायला लावायचं. आणि खाली निष्कर्षाचे तीन पर्याय: दारू घेतलेली नाही, घेतली आहे पण नशेत नाही, नशेत आहे. हा मधला पर्याय कोर्टात वकिलांच्या फार कामी येतो.

मी फॉर्म हातात घेतला तेवढ्यात चौबे सर मध्ये पडले. ते नुकतेच एम.एस्सी. होऊन आले होते.

“सर, ऐसे नहीं चलेगा. कंट्रोल चाहिए.”

“म्हणजे?”

“आप दो परखनली लेते हैं. एक में दवा डालते हैं, दूसरी वैसी ही रखते हैं. तभी फर्क दिखता है. इस लडके के साथ एक ऐसा आदमी जाँचिए जिसने कभी पी ही न हो. नहीं तो कल यह कहेगा, मैं तो चलता ही ऐसे हूँ.”

मी हसणार होतो, पण प्रिन्सिपॉलसाहेबांनी मान डोलावली. ते इतिहासाचे होते आणि सायन्सवाल्यांपुढे जरा दबून असत. शिवाय कधीच न प्यायलेला माणूस शोधायला लांब जायचं नव्हतं. डोंगरे सर गावातल्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष होते. खादीचा सदरा, टोपी, वय पंचावन्नच्या पुढे. ते स्वतःच पुढे सरसावले. “माझी करा तपासणी! आजन्म थेंबाले शिवलो नाही.”

पटलेने दोन फॉर्म काढले आणि दोन्हींची एमएलसी रजिस्टरात नोंद करून नंबर टाकले. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, उद्या ज्या कागदाचं कोर्टात काम पडू शकतं असं प्रकरण. नोंदीची खरं म्हणजे गरज नव्हती, पण पटलेला नंबर टाकायची फार हौस.

खेमराजच्या तोंडाला पेरूच्या पाल्याचा आणि कच्च्या कांद्याचा वास येत होता. त्याच्या आड दुसरं काही असेल तर माझं नाक तिथवर पोचलं नाही. डोळे स्वच्छ. बोलणं स्पष्ट. डोळे मिटून तो खांबासारखा उभा राहिला. बोट नाकाच्या शेंड्यावर अचूक टेकलं. खडूच्या रेघेवरून तर असा चालला की पटलेच्या तोंडून “वा!” निघालं.

मग डोंगरे सर आले. त्यांनी तोंड उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरलो. आंबूस, गोडसर, सरळसरळ दारूचा वास. डोळे लालभडक. उभं राहायला सांगितलं तेव्हा काय झालं ते वर आलंच आहे. बोट नाकाऐवजी डाव्या गालावर गेलं. खडूच्या रेघेवर ते तीन पावलं चालले आणि चौथ्याला औषधाच्या कपाटाकडे वळले.

“सर, काही घेतलं होतं का?” मी विचारलं.

“काही नाही! आज एकादशी. सकाळपासून फक्त दोन केळी, अन् दोन टायमाले चार-चार चमचे द्राक्षासव. पचनासाठी. वैद्याचं औषध हाय, दहा वर्षांपासून घेतो.”

द्राक्षासव मुरवून तयार करतात. त्यात दारू घालावी लागत नाही, ती आपोआप तयार होते. रिकाम्या पोटी आठ चमचे, त्यात आदल्या रात्री पोरांवर पाळत ठेवताना झालेलं जागरण, आणि त्यांना कानाच्या विकाराने चक्कर येते हे मला आधीपासून माहीत होतं. पण फॉर्मवर कानाला रकाना नव्हता. फॉर्मप्रमाणे खेमराज शुद्धीत होता आणि दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष नशेत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसला प्रकार.

व्हरांड्यात चर्चेचं गुऱ्हाळ सुरू झालं. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, “यह दूसरा कागज फाड दीजिए.” मी म्हणालो, नंबर पडलेला कागद फाडला तर माझी नोकरी जाते. चौबे सर म्हणाले, प्रयोग उलटा आला तरी तो प्रयोगच असतो.  डोंगरे सर बाकावर बसून टोपीची पुन्हा पुन्हा घडी करत होते. मला त्यांची कीव आली. शेवटी मी सांगितलं, दोन्ही निष्कर्ष उद्या अकराला मिळतील आणि पोरगा आजची रात्र वॉर्डात राहील.

सकाळी राउंडला गेलो तेव्हा खेमराज खाटेवर बसून बशीत चहा ओतत होता. बशी कपावर खडखड वाजत होती. हात इतका थरथरत होता की निम्मा चहा चादरीवर सांडला होता. मला पाहून त्याने हात पांघरुणात लपवला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्यांदा पिणारा डोलतो. रोज पिणारा दारू पोटात असली की सरळ चालतो आणि ती उतरली की थरथरतो. काल खडूच्या रेघेवर मी ज्याचं कौतुक करत होतो ते रोजच्या सरावाचं फळ होतं. विशीचा पोरगा. मला माझाच राग आला.

“किती दिवसांपासून?” मी विचारलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

ओपीडीत बायकांच्या रांगेत एक कॉलेजातली मुलगी होती. वेणी घट्ट बांधलेली, हातात वही. नाव सुलोचना. तक्रार, दातदुखी.

“कोणता दात?”

“कोणताबी लिहा, साहेब.”

मी पेन खाली ठेवलं. तिने मागच्या बायकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ते चिठ्ठी मीच लिहिली होती. खेमराज पेते. तुमी तो पेत नाही असं लिहू नका. अन् पेते असं लिहिलं तं त्याले काढून टाकतीन. मले काही समजून नाही राह्यलं.”

“चिठ्ठी काहून लिहिली मग?”

“कोनी ऐकूनच नाही राह्यलं, साहेब. त्याले म्हटलं सोड, तं म्हणते, तू मले सोड. रडली, भांडली, बोलणं बंद केलं. वाटलं, प्रिन्सिपॉलसाहेब मोठे मानूस हायेत, समजावतीन. त्याइनं तं वरातच काढली.”

हे सांगताना तिला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. ती पदराने नाक पुसू लागली. मी विचारलं, पिणं कधी सुरू झालं.

“पोळ्यापासून. टेकचंद गेला तवापासून.”

टेकचंद हे नाव मला ठाऊक होतं. पोळ्याच्या सुमारास वैनगंगेतून एका पोराचं प्रेत आमच्याकडे आणलं होतं. पोस्टमॉर्टेम मीच केलं होतं. लामत्याकडची दोन पोरं सणाला घरी निघाली, नावाडी जेवायला गेलेला, यांना दम निघाला नाही, त्यांनी स्वतःच डोंगा पाण्यात लोटला. नदी भरलेली. एक वाचला, एक गेला. वाचलेल्याचं नाव मी विचारलं नव्हतं. माझ्या फॉर्मवर त्याला जागा नव्हती.

“दोघं एका खोलीत राहत,” सुलोचना म्हणाली. “आजबी होस्टेलात टेकचंदची हजेरी होते. तुमाले मालूम हाय का?”

“मेलेल्या पोराची हजेरी?”

“हौ. रोज साडेसहाले. वॉर्डन सर नाव पुकारते. मग खेमराजले विचारते, तुझ्या खोलीतला कुठं हाय? अन् याले सगळ्याइच्या समोर म्हना लागते, आला नाही, सर. रोज. तो सहाले पेते, साहेब. एरवी दिवसभर शिवत नाही. हजेरी झाली की चुपचाप जाऊन झोपते.”

 मी तिच्या कागदावर ‘अक्कलदाढ’ असं लिहून तिला बाहेर बसवलं.

अकराला तिघेही आले. मी प्रिन्सिपॉलसाहेबांना सोडून आधी डोंगरे सरांना आत घेतलं.

“सर, टेकचंद मेला हे तुम्हाला माहीत आहे?”

“म्हणजे काय? तेरवीले गेलतो मी त्याच्या गावी. सोन्यासारखं पोरगं.” त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

“मग त्याची हजेरी कशी काय घेता?”

“नाव कमी कराले पालकाचा अर्ज लागते, नाही तं मृत्यूचा दाखला. नियम हाय. मी पालकाले तीन पोस्टकार्ड टाकले.”

“काय लिहिलं त्यात?”

“छापील मजकूर असते. ‘आपला पाल्य सतत गैरहजर आहे. कारण कळवावे.’”

 माणूस दुष्ट नव्हता. तेरवीचं जेवण जेवून आला होता, गळ्यात पडून रडला होता, आणि परत येऊन त्याच पोराच्या बापाला कार्ड लिहिलं होतं. मी तरी कुठे वेगळा होतो? पोस्टमॉर्टेमचा कागद ठाण्यात पाठवून मी मोकळा झालो होतो. तो कॉलेजात कोणी पोचवायचा, हे माझं काम नव्हतं. ठाण्याचंही नव्हतं. कोणाचंच नसलेलं काम तीन महिने रोज संध्याकाळी साडेसहाला एका पोराच्या डोक्यावर पडत होतं.

“मी दाखला देतो,” मी म्हणालो. “आज संध्याकाळी नाव खोडायचं. तोवर तुमचा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये राहील. खोडलंत की त्यावर लिहीन: दारू घेतलेली नाही, वास आसवाचा, चक्कर कानामुळे. नाही खोडलंत तर फॉर्म आहे तसाच पुढे जाईल.”

ही सरळसरळ अडवणूक होती. मला तिची आजही लाज वाटत नाही.

मग प्रिन्सिपॉलसाहेब आले. त्यांना मी खरं तेच सांगितलं: पोरगा रोज पितो, तो आजारी आहे, त्याला काढाल तर तो गावी जाईल, तिथे तीच नदी आहे, आणि पलीकडे टेकचंदचं घर आहे. रोज संध्याकाळी सहाला त्याने दवाखान्यात यायचं. बाकीचं माझ्याकडे लागलं.

“पर पीता है तो रस्टिकेट करना पडेगा.”

“तुम्हीच करवलेल्या तपासणीत तो शुद्धीवर आहे, साहेब. नशेत तुमचे वॉर्डन आहेत. कोणाला काढता?”

“विज्ञान के हिसाब से तो दोनों को,” चौबे सर दारातून म्हणाले.

“चौबेजी, आप बैठिए,” प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि फाडून टाकली. तिच्यावर नंबर नव्हता.

त्या संध्याकाळी मी खेमराजला माझ्यासोबत होस्टेलात नेलं. सहाची वेळ आम्ही दवाखान्यातच चहा पीत काढली. त्याच्या कपाळावर घाम होता, पण पोटात दारू नव्हती. अंगणात पोरं रांगेत उभी राहिली. मी डोंगरे सरांना दाखला दिला. त्यांनी तो कंदिलाजवळ धरून दोनदा वाचला, मग चष्मा सारखा केला.

“नाव खोडण्याआधी तीन वेळा पुकारावं लागते,” ते मला म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला. पण आता थांबवायला उशीर झाला होता.

“टेकचंद.”

रांगेतली पोरं जमिनीकडे बघत होती.

“टेकचंद.”

माझ्या शेजारी खेमराजचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता.

“टेकचंद.”

“मेला, सर,” खेमराज म्हणाला. आवाज फाटला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “पोळ्याच्या आदल्या दिवशी. डोंगा मीच लोटला होता. त्याचा हात माझ्या हातात होता, सर. सुटला.”

तीन महिन्यांत हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. सुलोचनालाही नाही. कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी एकच विचारलं होतं, तो कुठं हाय.

डोंगरे सरांनी रेघ ओढली. ती वाकडी गेली. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, डोळे पुसले, आणि मग, काय करणार, हजेरी पुरी व्हायची होती, म्हणून पुढचं नाव पुकारलं. पुढचा पोरगा हुंदके देत “हजर” म्हणाला. त्याच्या पुढचाही. मला आयुष्यात इतकी विचित्र हजेरी पाहायला मिळाली नाही.

खेमराज लगेच सुधारला असं मी सांगणार नाही. त्या हिवाळ्यात तो रोज सहाला यायचा. तीनदा पिऊन आला. तिन्ही वेळा पटलेने त्याची सही घेतली आणि चहा पाजला. बी.ए. दुसऱ्या खेपेला, थर्ड क्लासमध्ये. पुढे परसवाड्याकडे मास्तर झाला. सुलोचनाने त्याला वर्षभर न पिण्याची अट घातली होती. त्याने ती दोन वर्षांत पुरी केली आणि तिने तेवढं चालवून घेतलं. लग्न झाल्यावरही पोळ्याच्या आठवड्यात तो बालाघाटला येऊन माझ्या ओपीडीत बाकावर बसून राहायचा.  मी पेशंट तपासत असे.

त्यानंतर वीस वर्षं मी दारूतपासण्या केल्या. फॉर्म तोच राहिला. प्यायला का, किती प्यायला, नशेत आहे का. मी समासात आणखी एक प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहायला लागलो: ‘किती वाजता पितो?’ वरिष्ठांनी दोनदा विचारणा केली, हा रकाना कोणत्या नियमाखाली वाढवला. मी दोन्ही वेळा उत्तर दिलं नाही.